तंजावरातील रेडिओ : नवा की जुना?

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाने जड वस्तू घेऊ नये, हा आमच्या खात्यातला जुना दंडक आहे. पुस्तके घ्यावीत ती पातळ, भांडी घ्यावीत ती एकात एक बसणारी, आणि हौस करावी ती गळ्यात राहील अशी, म्हणजे गाण्याची. वेतनाच्या चौथ्या स्तरावरील कर्मचाऱ्यास बदलीच्या वेळी सरकारी खर्चाने १,५०० किलो सामान नेता येते, आणि आमचे सामान त्या मर्यादेच्या जवळपासही कधी गेलेले नाही. परंतु दर तीन-चार वर्षांनी खोकी जिला बांधावी लागतात त्या गृहिणीपुढे नियमाचा आधार चालत नाही. हे सर्व ठाऊक असूनही तंजावरास आल्यावर आम्ही व्हॉल्व्हचा रेडिओ घ्यावयाचे ठरविले.

हौसेला कारण लागत नाही. पण येथे कारणही होते. लहानपणी आजोळी एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरविल्यावर तो लगेच बोलत नसे. तबकडीमागचा दिवा आधी उजळे, मग पेटीतून ऊब येई, आणि अर्ध्या मिनिटाने आवाज जणू दुरून चालत येऊन खोलीत बसे. तो आवाज पुन्हा ऐकावा असे वाटत होते, आणि तंजावरासारखे सुरांचे गाव त्यासाठी योग्य वाटले. पैशांची सोयही झाली होती. दिवाळीचा तदर्थ बोनस ६,९०८ रुपये. तीन वर्षांचा न मोडता ठेवलेला बोनस २०,७२४ रुपये. एवढ्या रकमेत दोन गोष्टी शक्य होत्या. परदेशी घडणीचे नवे छोटे व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक यंत्र मागवावयाचे, किंवा एखादा जुना रेडिओ घेऊन तो दुरुस्त करून घ्यावयाचा. यांपैकी काय करावे, हा प्रश्न आम्ही चार महिने घोळवला. घोळवता घोळवता असे लक्षात आले की, मर्यादित पैशांत नवे घ्यावे की जुने, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

दुसरे सरफोजी महाराज १७९८ साली गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. महाराजांकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख राहिला, आणि त्यांना वर्षाला एक लाख होन व राज्याच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. इतिहासकार यास राज्याचा अस्त म्हणतात, व ते योग्यच आहे. आमच्यासारख्या नोकरदाराला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते : हे महाराज ठराविक नेमणुकीवर जगणारे होते. रक्कम मोठी होती, पण ती ठरलेली होती. तलवारीच्या जोरावर ती वाढविण्याचा मार्ग बंद झाला होता.

या नेमणुकीतून त्यांनी काय घेतले, ते आजही तंजावरात पाहावयास मिळते. जे येथे नव्हते ते त्यांनी नवे आणविले : युरोपीय ग्रंथ, दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, पाश्चात्य वाद्ये, आणि देवनागरी टाइप असलेला छापखाना. या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, म्हणजे मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रण रुजण्याच्या बऱ्याच आधी, इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. परंतु जे जुनेच मोलाचे होते ते त्यांनी जुनेच मिळविले. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले तेव्हा पोथ्या जमविण्याचे काम चालू होते. जुनी पोथी मिळाली तर ती घ्यावयाची, न मिळाली तर तिची नक्कल करून आणावयाची, असा हा व्यवहार होता. नायक राजांच्या काळापासून वाड्यात असलेला ग्रंथसंग्रह अशा रीतीने वाढला. राज्य खालसा झाले, तरी १९१८ साली तो संग्रह सरस्वती महाल या नावाने लोकांना खुला झाला.

यातील एक गोष्ट आमच्या प्रश्नास थेट लागू पडते. महाराजांचा खर्च केवळ वस्तूंवर झाला नाही. पोथ्या वाचणारे, लावणारे, उतरवून काढणारे पंडित त्यांनी पगार देऊन ठेवले. ताडपत्राला तेल लावावे लागते, कीड पाहावी लागते, फाटलेले पान पुन्हा लिहावे लागते. वस्तू विकत घेणे हा एकदाचा खर्च. ती सांभाळणारे हात ठेवणे हा दरसालचा. पहिला खर्च कोणीही करतो. दुसरा ज्यांनी केला त्यांच्या वस्तू टिकल्या.

आता रेडिओकडे वळू. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी एक भाग तापविला जातो, त्यातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी अशी दोन टोकांची नळी केली. १९०६ साली अमेरिकेत डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तिसरे टोक, एक बारीक जाळी, बसविली. या जाळीवर इवलासा विद्युद्दाब दिला की पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. कालव्याच्या दारावर लहान मुलाने हात ठेवावा आणि कावेरीचे पाणी त्याच्या मर्जीने वाहावे, तसा हा प्रकार आहे. दूरच्या केंद्राची अशक्त लहर स्पीकर हलविण्याइतकी सशक्त होते ती या युक्तीने. १९१८ साली आर्मस्ट्राँग यांनी शोधलेली सुपरहेटरोडाइन ही जोडणी पुढे घराघरांतल्या पाच व्हॉल्व्हच्या सेटचा पाया ठरली.

हिंदुस्थानात ही विद्या आली तेव्हा नवे की जुने हा प्रश्न तिच्याबरोबरच आला. १९२४ साली मद्रासेत सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला. हौशी मंडळींनी लहानसे प्रक्षेपण यंत्र उभारून त्याच वर्षी कार्यक्रम सुरू केले. पैसा पुरेना म्हणून १९२७ साली क्लब थांबला व त्याचे यंत्र मद्रास महापालिकेकडे गेले. त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने आपले केंद्र थाटामाटाने सुरू केले व सुमारे महिन्याभराने कलकत्त्याचेही. यंत्रे नवी, स्टुडिओ नवे, उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय. कंपनीची भिस्त श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर होती. वर्षाचे १० रुपये, त्यांतले ८ कंपनीला. परंतु परवान्यांची संख्या आठ हजारांच्याही आत राहिली, आणि तीन वर्षे पुरी होण्याआधीच, मार्च १९३० मध्ये, कंपनीचे दिवाळे वाजले. पुढे तिचा कारभार सरकारने हाती घेतला.

इकडे मद्रासेत १ एप्रिल १९३० पासून महापालिकेने क्लबाच्या त्या वापरलेल्या यंत्रावर नियमित कार्यक्रम सुरू केले, आणि १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र निघेपर्यंत ते चालविले. नवे बुडाले आणि जुने तरले, असा सोपा बोध यातून काढण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. कंपनी बुडाली ती यंत्र नवे होते म्हणून नव्हे. यंत्राची किंमत मोजल्यावर पुढची वर्षे काढण्यास तिच्याकडे पुरेसे उत्पन्न नव्हते म्हणून. महापालिकेकडे यंत्र लहान होते, पण त्यामागे कायमचा पैसा आणि कायमची माणसे होती. सरस्वती महालाने शिकविलेली गोष्टच येथे पुन्हा दिसते.

१६ मे १९३९ रोजी तिरुच्चिरापल्लीचे केंद्र सुरू झाले आणि तंजावर खऱ्या अर्थाने रेडिओच्या टप्प्यात आले. तिरुच्ची येथून सुमारे ५५ किलोमीटर. त्यागराजांची समाधी असलेले तिरुवैयारू त्याहून जवळ, अवघे १३ किलोमीटर. गावचे गाणे तिरुच्चीस जाऊन लहरींवरून परत गावात येऊ लागले. परंतु ते घरात ऐकावयाचे तर सेट हवा, आणि सेट महाग. स्वातंत्र्याच्या सुमारास पहिल्या वेतन आयोगाने कनिष्ठ लिपिकास ५५ ते १३० अशी श्रेणी दिली. त्या काळी बऱ्यापैकी पाच व्हॉल्व्हच्या सेटला तीनशे रुपये सहज पडत. म्हणजे नव्या लिपिकाचा पाच महिन्यांहून अधिक मूळ पगार, शिवाय टपाल कचेरीत परवान्याचे पैसे वेगळे. दुसऱ्या आयोगाने १९५९ साली हीच श्रेणी ११० ते १८० केली, तरी सेट सुमारे तीन महिन्यांच्या मूळ पगाराचा राहिला. तेव्हा पगारदार माणूस एक तर हप्त्याने घेई, नाही तर बदलून जाणाऱ्या साहेबाचा वापरलेला सेट घेई. ठाण्याच्या मर्फीचा बाळ भिंतीवरच्या कॅलेंडरात आधी येई, रेडिओ मागाहून.

व्हॉल्व्ह आपल्या देशातही झाले, हे सांगावयास हवे. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह घडविण्यास प्रारंभ केला. त्या कारखान्याचा शिक्का असलेले व्हॉल्व्ह आजही जुन्या दुकानदारांच्या डब्यांत सापडतात. पण काळ उलटला होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला होता, आणि दीड-दोन दशकांत तो खिशात मावणारा रेडिओ घेऊन आमच्याकडे आला. त्याला ऊब यावी लागत नव्हती, विजेची तार लागत नव्हती, शेताच्या बांधावरही तो बोलत होता. व्हॉल्व्हचे सेट माळ्यावर गेले. १९८० नंतरच्या दशकात परवानाही रद्द झाला.

मग आज नवे व्हॉल्व्ह कोण करते? याचे उत्तर गमतीचे आहे व खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचेही. रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चादत्सा आणि चीन येथे आजही व्हॉल्व्ह घडविले जातात. पण ते रेडिओवाल्यांसाठी नव्हे, मुख्यत्वे विजेची गिटार वाजविणाऱ्यांसाठी. त्या वादकांना व्हॉल्व्हचा आवाजच हवा असतो. त्यांच्या यंत्रांत जे व्हॉल्व्ह लागतात तेवढेच नवे मिळतात. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियाची निर्यात अडली, तेव्हा जगभर या व्हॉल्व्हच्या किमती चढल्या. म्हणजे तंजावरच्या ओसरीवरला रेडिओ कोणा दूरच्या गिटारवाल्याच्या हौसेवर आणि सारातोव्हच्या कारखान्यावर जगतो आहे.

येथे व्हॉल्व्हवर छापलेल्या अक्षरांची थोडी ओळख करून देतो. जुना सेट पाहावयास जाणाऱ्यास ती दिव्यासारखी उपयोगी पडते. १९५० नंतरच्या युरोपीय घडणीच्या सेटमध्ये बहुधा हा संच असतो : ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. पहिले अक्षर तापविण्याच्या विजेचे. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरे आतल्या रचनेची. 'एल' म्हणजे स्पीकर हलविणारा शेवटचा व्हॉल्व्ह, 'झेड' म्हणजे वीज एकमार्गी करणारा. यांतला ईएल ८४ गिटारवाल्यांनाही लागतो, म्हणून तो नवा मिळतो. ईसीएच ८१ सारखे केवळ रेडिओचे व्हॉल्व्ह मात्र जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. ते बरीच वर्षे चालतात, पण सेटबरोबर एखाद-दुसरा जादा घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

आणि पहिले अक्षर 'यू' असेल, म्हणजे यूसीएच ८१, यूएल ८४ असा संच असेल, तर सावध व्हावे. पूर्वी काही गावांत एकदिशा वीज होती, काही गावांत उलटसुलट. दोन्हींवर चालावा म्हणून मुख्य ट्रान्सफॉर्मर गाळून हे सेट केले जात. ते स्वस्त होते व हलकेही. परंतु त्यांत घरच्या विजेची एक तार थेट आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सारा सांगाडा विजेने भारलेला. बटणाची टोपी निघालेली असली, की उघड्या दांडीला हात लागताच झटका बसतो, आणि तो प्राणावरही बेतू शकतो. पाठीमागे ग्रामोफोन जोडण्याची भोके पाहून त्यांत हल्लीचा मोबाइल जोडण्याचा विचार अशा सेटच्या बाबतीत मनातही आणू नये.

जुन्यातले काय टिकते आणि काय नासते, हे आम्हांला नीट समजले ते वीणेमुळे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. एकाच ओंडक्यातून कोरलेली असेल तर ती अधिक मानाची. तिच्या दांडीवर पितळेचे २४ पडदे असतात, आणि ते काळ्या मेणात बसविलेले असतात. सतराव्या शतकातील रघुनाथ नायकाच्या दरबारात ही रचना ठरली असे परंपरा सांगते. येथल्या उन्हाळ्यात आणि वादकाच्या बोटाखाली ते मेण हळूहळू खचते, स्वर हलतात, आणि काही वर्षांनी जुने मेण काढून पडदे नव्याने बसवावे लागतात. तेवढ्यासाठी कोणी वीणा टाकून देत नाही. लाकूड तेच राहते, मेण बदलते.

व्हॉल्व्हच्या रेडिओचे नेमके हेच आहे. त्याचे फणसाचे लाकूड म्हणजे पेटी, सांगाडा, स्पीकर आणि दोन ट्रान्सफॉर्मर. या वस्तू साठ वर्षे सहज टिकतात. त्याचे मेण म्हणजे कंडेन्सर. जुने कागदी कंडेन्सर खरोखरच मेणात बुडविलेले असत! कागद दमट होतो, मेण भेगाळते, आणि जेथून फक्त आवाजाची लहर जावी तेथून थोडी थोडी वीजही पाझरू लागते. विजेची घरघर काढणारे मोठे कंडेन्सर आतून वाळून जातात. तेव्हा जुना सेट पाहताना तो वाजतो की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मर शाबूत आहेत का, स्पीकरचा कागद फाटला आहे का, पेटीला वाळवी आहे का, एवढे पाहावे. कंडेन्सर बदलावयाचे आहेत असे धरूनच किंमत करावी. न वाजणारा पण अस्पर्श सेट हा कोणीतरी घाईने वाजता केलेल्या सेटपेक्षा पुष्कळदा बरा असतो.

नव्या यंत्राचीही बाजू सांगितली पाहिजे. त्यात सर्व भाग ताजे, विजेची सुरक्षितता आजच्या पद्धतीची, आणि मोबाइल जोडण्याची सोय तयार. मात्र कमी पैशांत दोन फसगती संभवतात. काही स्वस्त यंत्रांत व्हॉल्व्ह केवळ शोभेचा असतो. खरे काम आतला ट्रान्झिस्टरांचा तुकडा करतो आणि काचेखाली नारिंगी दिवा लावून ऊब असल्याचा देखावा केलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, यंत्राच्या किमतीत स्पीकर नसतात. एका ईएल ८४ मधून तीन-चार वॅटच निघतात. तेवढ्यात खोली भरावयाची तर थोड्या शक्तीत मोठा आवाज देणारे स्पीकर हवेत, आणि ते स्वस्त नसतात. जुन्या रेडिओत पेटी आणि स्पीकर हे या तीन-चार वॅटांचा विचार करूनच बसविलेले असतात. नव्याची पारख करावयाची एक सोपी रीत आहे : यंत्र उचलून पाहावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात खरा पैसा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडा-तांब्यात असतो. बदलीचा माणूस वजनाला भितो, पण येथे हलके ते हलकेच.

आता आमची हकीकत. शहाणपण वर लिहिले आहे, पण ते आम्हांला नंतर आले. कामानिमित्त मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, गेलो असता तेथील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ट्रान्सफॉर्मर असलेला एक सेट ४,५०० रुपयांस मिळाला. दुकानदाराने 'घरी नेऊन लावा' म्हटले नव्हते व 'लावू नका' असेही म्हटले नव्हते. आम्ही घरी येताच लावला. दिवा उजळला, ऊब आली, लहानपणीचे अर्धे मिनिटही गेले. त्यानंतर मोठी घरघर झाली, शेवटचा व्हॉल्व्ह आतून लाल झाला आणि जळका वास खोलीभर पसरला. पाझरणाऱ्या एका लहानशा कंडेन्सरमुळे व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो विद्युद्दाब आला होता. प्रवाह बेसुमार वाढला आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीस रुपयांच्या मेणाने फणसाचे लाकूड जाळले. गृहिणी काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

चौकशी करता करता गावातल्या एका वृद्ध दुरुस्तीवाल्यांकडे पोहोचलो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. आमच्या मोडक्या तमिळला ते सावकाश तमिळने उत्तर देत. प्रथम त्यांनी एक बल्ब दाखविला. जुना सेट प्रथम लावताना तो विजेच्या मार्गात मालिकेने जोडावयाचा. आत दोष असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि सेट वाचतो. एवढ्या एका बल्बाने आमचा ट्रान्सफॉर्मर वाचला असता.

याच सुमारास दुसरा एक सेट समोर आला. ज्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहतो त्या आजी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी ऐकताना आपण बखरीच्या शेजारच्या खोलीत बसलो आहोत असे वाटते. तमिळचे वळण तिच्यात मुरलेले, आणि आपण कधीच टाकून दिलेले शब्द तिच्यात जिवंत. आमचा उद्योग पाहून त्यांनी माळ्यावरून यजमानांचा रेडिओ काढविला. "तुम्ही घ्या हो, दोन हजार द्या, बास," असे म्हणाल्या. सेट देखणा होता. मागचे झाकण काढले आणि पाचही व्हॉल्व्हवर 'यू' दिसला. दुरुस्तीवाल्यांना दाखविला. त्यांनी सांगाड्यावर बोट ठेवून मान हलविली, आणि तेथे मोबाइल जोडून देण्यास साफ नकार दिला. तो सेट चालू करू नये, हे आजींना सांगणे आमच्याकडे आले. स्वस्त पडला असता, पण घरात लहान मूल आहे, असे आम्ही म्हणालो. आजींनी सेट पदराने पुसला आणि पुन्हा आत ठेवविला. आम्ही घेतला नाही याचे त्यांना वाईट वाटले नसावे; कदाचित बरेच वाटले असावे.

मग उरला आमचा जळका सेट आणि मूळ प्रश्न. नवे यंत्र घ्यावे, की यातच आणखी पैसे घालावे? दुरुस्तीवाल्यांना आम्ही विचारले, "हा सेट मी पुढच्या गावी नेला आणि बिघडला, तर तेथे कोण पाहील?" ते हसले. म्हणाले, मुलगा बंगलोरला संगणकाच्या नोकरीत आहे, आणि शिष्य कोणी उरला नाही. पुढच्या गावचे सोडा. याच गावात पाच वर्षांनी कोण पाहील?

आमच्या प्रश्नाचे खरे रूप तेव्हा उघडे झाले. आमच्या आधीच्या लिपिकाला सेट महाग होता आणि दुरुस्ती स्वस्त. दर पेठेत एक रेडिओवाला बसे. आज चौथ्या स्तराचा आरंभीचा मूळ पगार २५,५०० आहे. आमचा सारा संकल्प त्या एका महिन्यात बसतो. वस्तू स्वस्त झाली आहे, हात दुर्मीळ झाले आहेत. तेव्हा ज्याच्याजवळ हात आहे त्याने जुने घ्यावे. ज्याच्याजवळ नाही त्याने नवे घ्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. बदलीच्या माणसाला मात्र एक तिसरा मार्ग उरतो. दुरुस्तीवाल्याला सामानात बांधून नेता येत नाही. त्याची विद्या, थोडीफार का होईना, नेता येते.

आम्ही त्यांना दर रविवारी सकाळी येऊ का, असे विचारले. त्यांनी होकार दिला, पण आधी अट घातली : वीज बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरात ती साठून राहते, तेव्हा ते रिकामे केल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट घालावयाचे नाही. सहा रविवार गेले. ट्रान्सफॉर्मर त्यांनी गुंडाळून घेतला. कंडेन्सर आम्ही बसविले, त्यांतले चार त्यांनी काढून पुन्हा बसवायला लावले.

हिशेब लिहिणे हा आमचा धंदाच असल्याने तो येथे देतो. सेट ४,५००, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे १,२००, कंडेन्सर व किरकोळ भाग ९००, नवा ईएल ८४ व्हॉल्व्ह १,६००, मजुरी म्हणून त्यांनी मोठ्या आग्रहाने घेतलेले २,५००. एकूण १०,७००. राखीव व्हॉल्व्ह ३,०००. सोल्डरिंगचे हत्यार व मीटर १,७००. सर्व मिळून १५,४००. शिल्लक ५,३२४ रुपये गृहिणीच्या स्वाधीन केले, आणि घरात पुन्हा बोलणे सुरू झाले.

सातव्या रविवारी सेट प्रथम त्या मालिकेच्या बल्बावर लावला. बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. तशी खूण झाली की सारे ठीक आहे असे समजावे. बल्ब काढून घेतला. दिवा, ऊब, अर्धे मिनिट, आणि मग कोणा गायकाचा तमिळ स्वर खोलीत येऊन बसला. आजी दारात उभ्या होत्या. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याचा आवाजही असाच होता." यजमानांचा की रेडिओचा, ते आम्ही विचारले नाही.

पुढची बदली कोठे होते ते ठाऊक नाही. सेटचे वजन अकरा किलो भरले आहे, मर्यादेत बसते. हत्यारांची पिशवी वेगळी.